घरच्या घरी संगणकाची जुळणी



सुरत-भुसावळ लोहमार्गावर बेटावद आणि शिंदखेडे यांच्या दरम्यान नरडाणा हे स्थानक लागते. मुंबई-आग्रा महामार्ग या गावाजवळून जातो, आणि औद्योगिक वसाहतीमुळे यंत्रांचा आवाजही या परिसराच्या चांगला परिचयाचा झाला आहे. विहिरीवरची मोटर जळाली तर ती उघडून, नवी तार भरून देणारा कारागीर येथे मिळतो. ट्रॅक्टर अडला तर तो बांधावरच खोलून बसणारे तरुण प्रत्येक गावी आहेत. मात्र शाळेतील संगणक बंद पडला म्हणजे तेच गाव हात टेकते. यंत्रावर कापड पडते, कापडावर धूळ बसते, आणि जडवस्तू नोंदवहीत 'संगणक, नग १' ही नोंद तेवढी वर्षानुवर्षे सुस्थितीत राहते.

मोटरीविषयी नसणारी ही भीती संगणकाविषयी का असावी? मोटर उघडताना कोणी तरी पाहिलेली असते; संगणकाची पेटी उघडलेली बहुतेकांनी पाहिलेलीच नसते, एवढेच याचे कारण आहे. वास्तविक मेजावरील संगणक हा मुळात उघडण्यासाठी आणि सुटे भाग बदलण्यासाठीच घडविलेला आहे. त्याची जुळणी घरच्या घरी, एका पेचकसाच्या साह्याने, एखाद्या रविवारी दुपारी करता येते. खेड्यातील शिक्षकाने ती विद्या आत्मसात करावी की नाही, आणि करावयाची तर कोठपर्यंत, हा आजचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. घरी संगणक 'जुळविला' जातो, 'घडविला' जात नाही. गणन करणारा प्रोसेसर कोणी घरी तयार करीत नाही. तो अवाढव्य कारखान्यांतूनच येतो. सुताराने केलेली साटी आणि लोहाराने चढविलेली धाव घेऊन शेतकरी गाडी जुंपतो, तशातलाच हा प्रकार आहे. भाग मोजके आहेत: मदरबोर्ड, प्रोसेसर व त्यावरील पंखा, रॅमची पट्टी, साठवणीसाठी एसएसडी, वीज पुरविणारा एसएमपीएस आणि हे सर्व सामावून घेणारे कॅबिनेट. पडदा, कळफलक आणि माउस बाहेरून जोडावयाचे.

निरनिराळ्या कारखान्यांचे भाग एकमेकांत बसतात यामागे थोडा इतिहास आहे. १९७५ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका विद्युत्-विषयक मासिकाने 'अल्टेअर ८८००' या यंत्राची माहिती छापली; हे यंत्र सुट्या भागांच्या संचाच्या रूपानेही मिळे आणि हौशी माणसे ते घरी बसून डाक देऊन जोडीत. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या मंडलांचे आराखडेही पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. परिणामी त्यात बसणारे भाग इतरांनाही करता येऊ लागले. पुढे १९९५ मध्ये इंटेलने मदरबोर्डाचा आकार, स्क्रूंच्या जागा आणि वीजजोडण्या यांचे 'एटीएक्स' नावाचे माप ठरवून दिले. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेतलेल्या कॅबिनेटमध्ये धुळ्यास घेतलेला मदरबोर्ड बिनबोभाट बसतो, तो या मापामुळे.

भाग जमवून यंत्र उभे करण्याची परंपरा आपल्याकडेही आहे, आणि ती हौसेपोटी नव्हे तर गरजेपोटी सुरू झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी संगणक बांधण्याचे काम अंगावर घेतले, तेव्हा संगणक रचण्याचा अनुभव त्यांच्यापैकी कोणालाही नव्हता. १९५६ साली त्यांचे प्रायोगिक यंत्र चालू झाले आणि १९६० साली पूर्ण यंत्र कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या आणि १२,५०० रोधक होते, आणि ते अठरा फूट लांबीच्या पोलादी चौकटीत उभे होते. त्याची स्मृती मात्र चाळीस-चाळीस अंकांच्या २,०४८ शब्दांपुरतीच होती. आज हातात धरता येणारी आठ जीबीची पट्टी त्याच्या आठ लाख पटींहून अधिक साठविते. पुढे १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये विजय भटकर यांच्या मार्गदर्शनाखाली 'परम ८०००' तयार झाला. तोही विकत मिळणारे अनेक लहान प्रोसेसर कौशल्याने एकत्र गुंफूनच उभा राहिला. भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यातले, हे येथे मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. खरेदीतील सर्वात मोठी चूक म्हणजे भाग सुटेसुटे आवडीने निवडणे. एका गाडीचे चाक दुसऱ्या गाडीच्या आसाला बसेलच असे नाही, हे येथे अक्षरशः खरे आहे. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचे 'सॉकेट' एकच असले पाहिजे. इंटेलच्या प्रोसेसरला एएमडीचा मदरबोर्ड चालत नाही, आणि इंटेलच्याच दोन पिढ्यांचे सॉकेटही वेगळे असू शकते. रॅमच्या पट्टीला मधोमध सोडून किंचित बाजूस एक खाच असते. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा निरनिराळ्या जागी आहेत, म्हणून चुकीची पट्टी बसतच नाही. ती बळाने बसविण्याचा मोह मात्र टाळावा. स्वस्ताईचा हव्यास एसएमपीएसच्या बाबतीत सर्वात महाग पडतो. घरातील २३० व्होल्टांच्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करून तो सर्व भागांना पुरवितो. तो बिघडला तर एकटा जात नाही, सोबत इतरांनाही नेतो.

जुळणीसाठी कोरडे लाकडी टेबल घ्यावे. खानदेशच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज सहज साचते. नायलॉनचे कपडे काढताना जी ठिणगी चट्चट् वाजते, तीच मदरबोर्डावरील नाजूक भागास मारक ठरते. यास्तव अंगात सुती कपडे असावेत आणि प्रत्येक भाग उचलण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा.

सर्व भाग कॅबिनेटमध्ये कोंबण्यापूर्वी मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून पहिली जुळणी करावी, हे अनुभवी कारागिरांचे सांगणे मोलाचे आहे. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवरही असतो. ते जुळवून प्रोसेसर अलगद ठेवावयाचा, दाबावयाचा नाही, आणि मग बाजूचा दांडा खाली करावयाचा. सॉकेटमधील पिना केसाहून फारशा जाड नसतात. एक वाकली तरी सारा बोर्ड वाया जाऊ शकतो. त्यावर उष्णतावाहक लेप तुरीच्या दाण्याएवढा ठेवला म्हणजे पुरे. अधिक लेपाने अधिक थंडावा मिळतो ही समजूत खोटी आहे. मग पंखा बसवून त्याची तार त्याच्या जागी जोडावी, कारण ती विसरणाऱ्यांची संख्या बरीच आहे. रॅमची पट्टी दोन्ही टोकांस 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबावी. येथे थोडा जोर लागतो आणि नवशिक्याचा हात नेमका येथेच कचरतो.

यंत्र अशा उघड्या स्थितीत चालू झाले, पडद्यावर अक्षरे उमटली, की मगच बोर्ड कॅबिनेटमध्ये न्यावा. आत पितळी स्टँड बोर्डाच्या भोकांखाली बरोबर येतील असे बसवावेत. ते वगळले तर बोर्डाची मागची बाजू पत्र्याला टेकून शॉर्ट होते. आणि एखादा स्टँड भलत्याच जागी राहिला तरी तोच परिणाम. शेवटी उरतात कॅबिनेटच्या बटनापासून येणाऱ्या बारीक तारा. सर्वात कंटाळवाणे काम हेच. बोर्डासोबतच्या पुस्तिकेतील आकृती समोर ठेवून ते करावे. अंदाजाने करू नये.

एवढे करूनही यंत्र चालू झाले नाही, तर तेथून शिक्षकाच्या खऱ्या उपयोगाचा भाग सुरू होतो. दोष शोधण्याची रीत म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलणे. पंखा फिरतो काय? फिरत नसेल तर वीज, एसएमपीएस आणि बटनाची तार, एवढ्यांतच दोष शोधावयाचा. पंखा फिरतो पण पडदा काळा आहे, तर रॅमची पट्टी काढावी, तिचे सोनेरी टोक स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसावे, भुगा झटकावा आणि ती दुसऱ्या खाचेत बसवावी. बंद पडलेली कितीतरी जुनी यंत्रे एवढ्या उपायाने बोलू लागतात. तारीख दर वेळी मागे जात असेल, तर बोर्डावरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी तीन व्होल्टांची बॅटरी संपलेली आहे, आणि ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. निरीक्षण, तर्क, एका घटकाचा बदल आणि पडताळा ही विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील पद्धत मुले पाठ करतात. येथे ती त्यांच्या डोळ्यांदेखत घडते. १९३७ साली वर्धा येथे मूलोद्योगी शिक्षणाचा विचार मांडला गेला, त्यात हाताच्या कामातून बुद्धीला वळण लावण्याची अपेक्षा होती. चरखा आणि संगणक यांची सांगड कोणास विचित्र वाटेल. परंतु उघडता येणारे यंत्र आणि न उघडता येणारे यंत्र यांतील फरक मुलांना शिकविण्याजोगा आहे यात संशय नाही.

एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळावी. एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यातील संग्राहकांत तीनशे व्होल्टांहून अधिक दाबाची वीज काही काळ राहू शकते. ती बिघडली तर नवी आणावी. शाळेतील अर्थिंगचीही वायरमनकडून तपासणी करून घ्यावी. वैशाखात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डा निकामी होतो आणि कॅबिनेटला हात लावल्यास झिणझिण्या येतात. त्या खड्ड्यात पाणी घालणे हे उन्हाळी सुटीतील कामांच्या यादीत असावे. धुळीचेही तसेच आहे. वर्षातून दोनदा, यंत्र बंद करून, पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ कुंचल्याने आतील धूळ काढली तर यंत्र तापून बंद पडण्याची तक्रार पुष्कळ कमी होते.

घरी जुळविलेला संगणक नेहमीच स्वस्त पडतो काय? पडत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती जगभर भडकल्या आणि जुळणी करणाऱ्यांचे सारे अंदाज कोलमडले. कंपनीच्या तयार संगणकास एकत्रित हमी असते. जुळविलेल्या यंत्रात प्रत्येक भागाची हमी वेगळी आणि दुकानदारही वेगळा. कार्यालयीन कामापुरते एकच यंत्र हवे असेल, तर तयार घेणे शहाणपणाचे ठरू शकते. जुळणीचा खरा लाभ पहिल्या दिवशी दिसत नाही, तो चौथ्या-पाचव्या वर्षी दिसतो: एकच भाग बदलून यंत्र पुढे चालविता येते. जुन्या संगणकातील फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली, तर दहा मिनिटे रेंगाळणारे यंत्र मिनिटाच्या आत उभे राहते. ग्रामीण शाळेने थोडेच पैसे खर्च करावयाचे असतील, तर ते येथे करावेत.

हा प्रश्न सध्या अधिकच निकडीचा झाला आहे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ पुष्कळ जुन्या प्रोसेसरांना स्वीकारीत नाही. म्हणजे धडधाकट यंत्रे केवळ प्रणालीअभावी मोडीत निघण्याची भीती आहे. त्यांवर लिनक्स घालता येते. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही प्रणाली विनामूल्य आहे, आणि इन्स्क्रिप्ट कळफलकाने तिच्यावर मराठी टंकलेखन सुरळीत होते. थोडी सवय मोडावी लागते, एवढाच त्रास.

धुळे जिल्ह्यात शाळा डिजिटल करण्यासाठी लोकवर्गणीची मोठी चळवळ झाली. परदेशी नोकरी करणारे येथील सुपुत्र हर्षल विभांडिक यांनी तीत पुढाकार घेतला आणि गावोगावच्या पालकांनी आपल्या खिशातून पैसे दिले. त्या पैशांतून आलेले यंत्र पाच रुपयांच्या धुळीने किंवा संपलेल्या बॅटरीने बंद पडून राहावे, हे त्या पालकांना काय वाटेल याचा विचार शिक्षकानेच करावयाचा आहे. अर्थात शासकीय नोंदीतील यंत्र कोणी परस्पर उघडू नये. हमीची मुदत संपली आहे याची खातरजमा करावी, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत तसा ठराव घ्यावा, बदललेल्या भागाची पावती जपावी आणि नोंदवहीत भागाचे नाव व दिनांक लिहावा. निकामी भाग भंगारवाल्यास न देता, रीतसर निर्लेखनानंतर ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत संकलकाकडे पाठवावेत; उघड्यावर तारा जाळून तांबे काढण्याचा जो प्रकार चालतो, त्याचा धूर अत्यंत विषारी असतो.

मुलांच्या हाती चालू यंत्र देण्यापूर्वी एक निर्लेखित यंत्र द्यावे. सहावी-सातवीची चार मुले एका गटात घ्यावीत. प्लग काढलेला, एसएमपीएस आधीच बाहेर काढून ठेवलेला असावा. त्यांनी भाग सुटे करावेत, प्रत्येकाचे चित्र वहीत काढावे, स्क्रू वाटीत मोजून ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी तेच यंत्र पुन्हा जोडावे. स्क्रू एकदोन उरतातच. ते कोठले, हे मुलांनीच शोधावे; शिक्षकाने लगेच सांगू नये.