चुकलेल्या मुलाच्या घरी आपण जातो का?

हातातलं काम थांबवू नका, करता करता ऐका. आज आम्ही आमच्या बचत गटातल्या एका बाईची आणि तिच्या मुलाची गोष्ट सांगणार आहोत. मुलाचं नाव सांगणार नाही, गावही सांगणार नाही. का, ते पुढे येईलच.

ही बाई आमच्या गटाची सुरुवातीपासूनची सदस्य. तिनं कधी बैठक चुकवली नाही की हप्ता थकवला नाही. होळीनंतर एक दिवस तिचा सोळा वर्षांचा मुलगा दोन मोठ्या पोरांसोबत चोरीच्या मोटरसायकलवर सापडला. त्याला जामीन मिळाला, घरी आला. पण ती बैठकीला यायची बंद झाली. आम्ही काय केलं? रजिस्टरमध्ये ‘गैरहजर’ लिहिलं आणि दंड लावला. एकीनं तर म्हटलं, ‘तिचं कर्ज आधी वसूल करा.’ तिला कोणी अडवलं नाही. अडीच महिने आमच्यातली एकही तिच्या घरी गेली नाही. ही गोष्ट आम्ही लपवत नाही.

मृगाचा पाऊस पडला आणि एका रात्री तीच आमच्याकडे आली. प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद होता. म्हणाली, ‘वाचून सांगा जी. पोरगा सुटला म्हणतात, पण सही माझी घेतली. आता मलाच धरून नेतील का?’

तो कागद बाल न्याय मंडळाचा आदेश होता. तो आम्ही तिला समजावला, तसाच तुम्हालाही सांगतो.

अठरा वर्षांखालच्या मुलाकडून गुन्हा झाला, तर त्याची चौकशी सहसा मोठ्यांसारखी होत नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा त्याला ‘गुन्हेगार’ म्हणत नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत एक तरी महिला असावीच लागते. मुलगा घरी कसा वागतो, शाळा का सुटली, संगत कोणाची, याचा अहवाल परिवीक्षा अधिकारी देतात. मग मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगू शकतं, किंवा मुलाला परिवीक्षेवर आईवडिलांच्या हवाली करू शकतं. परिवीक्षा म्हणजे चांगल्या वागणुकीच्या अटीवर घरी राहण्याची संधी. ती जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. आईवडील बंधपत्रावर सही करतात, त्याची काळजी घेऊ असं लिहून देतात. अटी मोडल्या तर मंडळ फेरविचार करून त्याला विशेष गृहात पाठवू शकतं.

या मुलाला एक वर्षाची परिवीक्षा होती. कागद ऐकून ती बाई म्हणाली, ‘म्हणजे वर्षभर तोही बांधलेला आन् मीही.’

तिचं खरंच होतं. ठरलेल्या दिवशी मुलाला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी बुडणार. नवरा कामासाठी नागपूरला. मुलगा घरात कोणाशी बोलत नाही. शेजारणी चहाला बोलवत नाहीत. कायद्यानं मुलाला तिच्या हवाली केलं, पण तिच्या पाठीशी कोण होतं?

पुढच्या बैठकीत आम्ही हाच प्रश्न मांडला. वाद झाला. ‘गट बचतीसाठी आहे, भानगडीसाठी नाही,’ असं काहीजणी म्हणाल्या. मग आमच्यातली सगळ्यात वयस्क बाई, जी जन्मभर अंगणवाडीत मदतनीस होती, ती बोलली, ‘त्या पोराला मी खिचडी भरवली आहे. तो आपला नाही तर कोणाचा?’ त्यानंतर वाद मिटला.

आम्ही परिवीक्षा अधिकारी मॅडमना भेटलो आणि त्यांच्या माहितीनं काम वाटून घेतलं. मॅडमकडे पुष्कळ मुलं असतात, त्या रोज गावात येऊ शकत नाहीत. गावातली माणसं रोज असतात. आजी दर बुधवारी आईकडे जाणार. तारखेच्या दिवशी एकजण सोबत जाणार. रोवणी आम्ही ठेक्यानं करतो. त्या दिवशीची तिच्या वाट्याची रोवणी आम्ही पाचजणींनी केली आणि मजुरी तिला पूर्ण दिली.

मुलाचं अवघड होतं. तो बायांशी बोलेना. एका सदस्य बाईचे दीर दुचाकी दुरुस्तीचं दुकान चालवतात. ते म्हणाले, ‘संध्याकाळी येऊ द्या माझ्याकडे.’ पण ज्या गाडीपायी तो अडकला, त्याच गाड्यांच्या किल्ल्या त्याच्या हाती द्यायच्या? आम्ही बिचकलो. भाऊजी म्हणाले, ‘किल्ली दिल्याशिवाय त्याला कळणार कसं, की आपण भरवसा ठेवला?’

दोन गोष्टी आम्ही पाळल्या. गुन्ह्याचं काय झालं ते त्याला उकरून विचारायचं नाही, आणि त्याच्या घरातलं बैठकीत बोलायचं नाही. आणि एक गोष्ट त्याला सुरुवातीलाच सांगितली की तू पुन्हा अडचणीत जातोस असं दिसलं तर आम्ही मॅडमना सांगू, पण तुला सांगूनच सांगू. पाठीमागे काही करणार नाही.

दिवाळी झाली, मंडईचे दिवस आले. एका रात्री शेतातल्या पंपाची केबल चोरीला गेली. सकाळी दहा-बारा माणसं त्या बाईच्या दारात! ‘काढा त्याला बाहेर.’ आजी तिथे पोचली आणि उंबऱ्यावर बसली. म्हणाली, ‘तक्रार द्यायची तर ठाण्यात द्या. पोराच्या अंगाला हात लावायचा नाही.’ आम्ही मॅडमना फोन केला. खरं सांगतो मैत्रिणींनो, त्या दिवशी आमच्याही मनात शंका होती. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. माणसं बडबडत परत गेली. केबल कोणी नेली ते आजपर्यंत कळलं नाही. मुलगा मात्र तीन दिवस दुकानात गेला नाही. चौथ्या दिवशी भाऊजी स्वतः त्याला घ्यायला आले आणि सगळ्यांच्या देखत दुकानाची किल्ली त्याच्या हातात दिली.

त्याच सकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो फिरला. म्हणून नाव न सांगण्याचं कारण आता सांगतो. कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे आम्ही सरपंचांना दाखवलं, तेव्हा फोटो निघाला.

हे काम काही आम्ही शोधून काढलेलं नाही. परिवीक्षेची सुरुवातच एका साध्या माणसापासून झाली. १८४१ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाच्या जोडे शिवणाऱ्यानं एका दारुड्याचा जामीन घेतला आणि त्याला सुधारून दाखवलं. जपानमध्ये १९५० पासून कायद्यानंच ‘होगोशी’ म्हणजे गावातले स्वयंसेवक नेमतात. आज ते ४० हजारांहून जास्त आहेत. पगार घेत नाहीत. परिवीक्षेवरच्या माणसाला घरी बोलावतात, चहा पाजतात, विचारपूस करतात. तिथे या कामात महिलांच्या वेगळ्या संघटनाही आहेत.

या जूनमध्ये मुलाची परिवीक्षा संपली. दहावीसाठी त्यानं १७ नंबरचा फॉर्म भरला आहे. पास होईल की नाही, सांगता येत नाही. कधीमधी जुनी पोरं भेटायला येतात, तेव्हा आईचा जीव वरखाली होतो. पण कायद्यानं त्याला कोरी पाटी दिली आहे. अपिलाची मुदत संपल्यावर अशा मुलाची नोंद नष्ट करायची असते. अगदी घृणास्पद गुन्ह्यांतले काही अपवाद सोडले, तर पुढे नोकरीला ती आड येत नाही. कागदावरची नोंद सरकार पुसेल, गावाच्या तोंडावरची आपल्यालाच पुसावी लागेल.

अठरा पूर्ण झालेल्या मुलांसाठीही दार बंद नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार एकवीस वर्षांखालच्या तरुणाला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, न्यायालय सहसा तुरुंगात पाठवत नाही. पाठवायचंच झालं तर कारण लिहावं लागतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, त्यांचा फोन नंबर १५१००. मूल संकटात असेल तर १०९८.

मैत्रिणींनो, गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित परतफेड. चुकलेल्या मुलाला आणि त्याच्या आईला हाच नियमितपणा हवा असतो. एकदा येऊन उपदेश करणारे पुष्कळ असतात, दर बुधवारी येणारं माणूस नसतं. रोवणी झाली की पऱ्हा चार दिवस पिवळा पडतो. मूळ धरलं का म्हणून आपण तो उपटून बघत नाही, बांधीत पाणी टिकवतो.

या आठवड्याच्या बैठकीत एवढंच करा. रजिस्टर उघडा आणि सलग गैरहजर कोण आहे ते पाहा. दंड लावायच्या आधी तिच्या घरी जाऊन या.