उरीयाचं काय?



ख्रिस्ती माणूस प्रार्थनेत देवाकडे पापांची क्षमा मागतो, म्हणजे नेमकं काय करतो, हा आजचा विषय. त्यावर बोलायचं तर जुन्या करारातल्या 51व्या स्तोत्रापासूनच सुरुवात करावी लागते. कॅथलिक उपासनाक्रमात दर शुक्रवारी सकाळी हे स्तोत्र म्हणतात. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो, त्या दिवशीच्या मिस्सातही तेच असतं. 430 साली हिप्पो शहराला व्हँडल टोळ्यांचा वेढा पडला होता आणि शहराचे बिशप संत ऑगस्टीन अंथरुणाला खिळले होते. त्यांनी पश्चात्तापाची स्तोत्रं लिहवून घेतली, भिंतीवर लावली आणि ती वाचत, रडत शेवटचे दिवस काढले. इतकी शतकं इतक्या लोकांनी ज्या शब्दांत क्षमा मागितली, ते शब्द दावीद राजाचे मानले जातात. आणि त्या शब्दांतच एक मोठी अडचण आहे.

स्तोत्रामागची कथा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. ऋतू पालटला, राजे लढाईला निघायची वेळ झाली, पण दावीद यरुशलेमेत मागे राहिला. गच्चीवरून त्याला बथशेबा दिसली. ती उरीया हित्ती नावाच्या सैनिकाची बायको. राजाने तिला आणवलं. तिला दिवस गेले. प्रकरण झाकण्यासाठी राजाने उरीयाला आघाडीवरून बोलावून घेतलं आणि घरी जाऊन विश्रांती घे म्हणाला. उरीया गेला नाही. सोबती उघड्या रानात तळ ठोकून असताना मी घरी कसा निजू, असं त्याचं म्हणणं. तो राजवाड्याच्या दाराशी चाकरांबरोबर झोपला. मग दावीदाने सेनापती यवाबाला पत्र लिहिलं, की उरीयाला घनघोर लढाईत पुढे ठेवा आणि मागे सरा. हे पत्र उरीयाच्याच हाती देऊन पाठवलं. स्वतःच्या मरणाचा हुकूम तो इमानदार माणूस स्वतः घेऊन गेला.

उरीया मारला गेल्यावर नाथान संदेष्टा राजाकडे आला आणि त्याने एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताकडे कळपच्या कळप होते, तरी त्याने गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावून पाहुण्यासाठी कापली. दावीद संतापला. हा माणूस मरणाला पात्र आहे, त्याने चौपट भरपाई केली पाहिजे, असा निवाडा त्याने दिला. तेव्हा नाथान म्हणाला, तो माणूस तूच. या प्रसंगानंतरची दावीदाची प्रार्थना म्हणजे हे 51वं स्तोत्र. त्यात तो देवाला विनवतो, की मला धुऊन काढ, नवं अंतःकरण दे, तुझ्यासमोरून मला लोटू नकोस. सारं खरं आणि हृदय पिळवटणारं. पण त्यात तो असंही म्हणतो, की आपण अपराधी आहोत ते एकट्या देवाचे.

मग उरीयाचं काय? अख्ख्या स्तोत्रात त्याचं नाव नाही. बथशेबाचं येतं ते फक्त स्तोत्राच्या मथळ्यात, प्रार्थनेत नाही. चौपट भरपाईचा विषयही नाही.

याचं समर्थन धर्मशास्त्री करतात आणि त्यात तथ्य आहे. माणसावरचा प्रत्येक अन्याय हा त्या माणसाला घडवणाऱ्याचा अपराध असतो, आणि राजाला जाब विचारणारा देवाखेरीज कोण होता? हे मला पटतं. पण याच वाक्याचा आडोसा घेता येतो, हेही मी पाहिलं आहे. देवाने मला क्षमा केली, आता विषय संपला, असं म्हणणारी माणसं आहेत. आणि ज्याचं नुकसान झालं तो मागच्या बाकावर बसून ही साक्ष ऐकत असतो. माझं आजचं सांगणं एवढंच, की ख्रिस्ती परंपरेने हा आडोसा कधी मान्य केला नाही. तिच्या अनुयायांनी तो वेळोवेळी घेतला, ही गोष्ट वेगळी.

बायबल स्वतःच उरीयाला विसरत नाही. दावीदाच्या शूर वीरांची यादी शमुवेलाच्या त्याच दुसऱ्या पुस्तकात पुढे येते आणि त्या यादीतलं शेवटचं नाव आहे उरीया हित्ती. नवा करार उघडला तर मत्तयाच्या पहिल्याच पानावर येशूची वंशावळ. तिथे शलमोनाच्या आईचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा मत्तयाने बथशेबा असं लिहिलं नाही. जी उरीयाची बायको होती तिच्यापासून दावीदाला शलमोन झाला, अशी नोंद त्याने केली. दावीदाला क्षमा मिळून कित्येक शतकं लोटली होती. तरी ज्याला त्याने मारवलं त्याचं नाव तारणाऱ्याच्या वंशावळीत राहिलं.

येशूच्या शिकवणीत तर हे आणखी स्पष्ट आहे. डोंगरावरच्या प्रवचनात तो सांगतो, की वेदीशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, मग ये. ऐकणारे गालीलचे. त्यांची वेदी यरुशलेमेत, तीन-चार दिवसांच्या पायी वाटेवर. म्हणजे देवापुढची उपासना अर्धवट टाकून गावी परत जा, माणसाला भेट आणि पुन्हा तेवढंच चाल, असं तो सांगत होता. प्रभूची प्रार्थना शिकवल्यावरही त्याने एकाच मागणीवर भाष्य केलं आणि ती मागणी क्षमेची. तुम्ही लोकांना क्षमा केली नाहीत तर पिताही तुम्हाला करणार नाही.

आणि जक्कय. यरीहोचा मुख्य जकातदार, ठेंगणा, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा जक्कय उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाला फसवून काही घेतलं असेल तर चौपट परत करतो. चौपट! दावीदाने निवाड्यात उच्चारलेला आकडा या जकातदाराने स्वतःला लागू केला. या घराला आज तारण प्राप्त झालं आहे, हे येशूने त्यानंतर सांगितलं. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो.

ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या काही शतकांत गंभीर पापाची क्षमा एकांतात मागायची गोष्ट नव्हती. पापी माणूस मंडळीसमोर पश्चात्तापी म्हणून उभा राहायचा आणि बराच काळ पवित्र भोजनापासून दूर ठेवला जायचा. सम्राटही सुटले नाहीत. 390 साली थेसलनीका शहरात सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने नागरिकांची कत्तल झाली. मिलानचे बिशप अँब्रोस यांनी त्याला पत्र लिहून दावीदाची आणि नाथानाची आठवण दिली आणि पश्चात्ताप केल्याशिवाय आपण वेदीवर तुझ्यासमोर अर्पण करणार नाही, असं कळवलं. सम्राटाने राजचिन्हं उतरवली आणि लोकांदेखत प्रायश्चित्त घेतलं. पुढे आयरिश मठवाशांच्या प्रभावाने धर्मगुरूच्या कानात कबुली द्यायची पद्धत रुळली आणि 1215च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी ती द्यावी असा नियम केला. गोव्याकडे जिला कुमसार म्हणतात ती हीच. ईस्टर जवळ आला की चर्चमध्ये कुमसारासाठी रांगा लागतात. गुप्ततेमुळे लाजेने गुदमरलेल्या माणसाला तोंड उघडता आलं, हा मोठा लाभ. पण कॅथलिक शिकवण तिथेही बजावते, की पापमोचन मिळालं तरी पापाने झालेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत करायचं. एखाद्याची बदनामी केली असेल तर त्याचं नाव पुन्हा उजळ करायचं. मिस्साच्या सुरुवातीच्या कबुलीतसुद्धा माणूस देवाबरोबर शेजारच्या बंधुभगिनींपुढेही आपलं पाप मान्य करतो, आणि त्यात जे करायचं राहून गेलं तेही येतं.

आता एका माणसाबद्दल जरा सविस्तर बोलतो. जॉन न्यूटन. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगभर गायलं जाणारं गीत त्यांचं. मार्च 1748 मध्ये अटलांटिक महासागरात ‘ग्रेहाउंड’ जहाज वादळात सापडलं आणि हा तोंडाळ, नास्तिक खलाशी देवाचा धावा करू लागला. तो दिवस ते आयुष्यभर पाळत राहिले. इथपर्यंतची गोष्ट पुष्कळ प्रवचनांत सांगतात. पुढची सहसा सांगत नाहीत. त्या प्रार्थनेनंतर न्यूटन गुलामांच्या व्यापारात राहिले, इतकंच नव्हे तर त्यात वर चढले. 1750 ते 1754 या काळात ते गुलामवाहू जहाजांचे कप्तान होते. रविवारी ते खलाशांना जमवून उपासना घेत, आणि त्याच जहाजाच्या तळाशी आफ्रिकी माणसं साखळदंडांत असत. 1754 मध्ये त्यांनी समुद्र सोडला तो आजारपणामुळे. 1764 साली ते धर्मगुरू झाले. आणि त्या व्यापाराविरुद्ध त्यांनी उघडपणे लिहिलं ते 1788 साली, वादळानंतर चाळीस वर्षांनी.

मी न्यूटन यांना ढोंगी म्हणणार नाही. 1748ची प्रार्थना खरी होती, असंच मी मानतो. पण तिच्यात त्यांना आपली शिवीगाळ दिसली, आपला नास्तिकपणा दिसला, आणि जहाजांच्या तळातली माणसं दिसली नाहीत. ज्याला त्या काळी पापच म्हणत नसत, त्या पापाची क्षमा कोण मागणार? दावीदाला निदान नाथान भेटला. न्यूटनभोवतीचा सारा प्रतिष्ठित, चर्चला जाणारा समाज त्याच व्यापारावर पोसलेला होता. त्यामुळे मला त्यांची 1788ची पुस्तिका ही त्यांची खरी पश्चात्तापाची प्रार्थना वाटते, जरी ती लोकांना उद्देशून लिहिलेली असली तरी. माणसं जहाजात कशी कोंबत, बायकांची काय विटंबना होई, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं आणि केलेलं म्हणून लिहिलं, आणि आपली कबुली फार उशिरा येते आहे हेही लिहिलं. ज्यांना विकलं त्यांच्यापर्यंत ते पोचू शकत नव्हते. उरले होते ते डोळ्यांनी पाहिलेले पुरावे. ते त्यांनी संसदेच्या चौकशीपुढे मांडले. 1807च्या मार्चमध्ये ब्रिटिश साम्राज्यातला गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाला आणि त्याच डिसेंबरात न्यूटन वारले.

आपल्याकडचं उदाहरण याच्या अगदी उलट बाजूचं आहे. जून 1905च्या अखेरीस केडगावच्या मुक्तिसदन या पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या मुली प्रार्थनेला बसल्या आणि मोठमोठ्याने रडत आपली पापं कबूल करू लागल्या. ख्रिस्ती इतिहासात हा प्रसंग जागृती म्हणून नोंदला गेला आहे. पण त्या मुली कोण होत्या? बालविधवा, दुष्काळात अनाथ झालेल्या, टाकून दिलेल्या. नवरा मेला तो तुझ्याच गेल्या जन्मीच्या पापाने, असं विधवेला ऐकवलं जाई. रमाबाईंनी 1887च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात याचं वर्णन केलं आहे. ज्यांच्यावर सगळ्यांनी अन्याय केला त्यांनीच क्षमा मागायची? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, कोणाचंच नाही. मुक्तिसदनात वैधव्य हे पाप उरलं नव्हतं. तिथे मुलगी स्वतःच्या रागाची, खोटेपणाची, हेव्यादाव्याची कबुली देत होती. जे लादलं गेलं ते बाजूला ठेवून जे खरोखर आपलं आहे तेवढंच देवापुढे मांडायचं, हाही क्षमायाचनेचा भाग आहे, आणि पीडित माणसासाठी तर सगळ्यात आधीचा. म्हणून ज्या बाईला नवरा मारतो तिला आधी क्षमा करायला शिकवणारा धर्मगुरू चुकतो आहे, असं मी इथे स्पष्ट म्हणतो. कबुली मारणाऱ्याकडून यायला हवी.

व्यक्तीचं झालं, पण अख्ख्या मंडळीने पाप केलं असेल तर? 12 मार्च 2000 रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोमच्या सेंट पीटर्समध्ये चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांची देवाकडे क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली सुवार्तेला न शोभणारे मार्ग वापरले, ही कबुली कार्डिनल रॅट्झिंगर यांनी उच्चारली. गोव्यात 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं आणि मधला थोडा खंड वगळता 1812पर्यंत टिकलं. त्या प्रार्थनेत गोव्याचं नाव आलं नाही. यायला हवं होतं, असं मला वाटतं. नाव घेतल्याशिवाय कबुली पुरी होत नाही. ज्यू समाजातूनही तक्रार आली, की त्यांच्यावरच्या पापाची कबुली होती, पण नाझी नरसंहाराचा उल्लेख नव्हता.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 26 मार्चला, पोप यरुशलेमेत ज्यूंच्या पवित्र पश्चिम भिंतीपाशी गेले. म्हातारे, कंपवाताने हात थरथरणारे. भिंतीच्या फटीत त्यांनी सहीनिशी एक कागद ठेवला. त्यावरची प्रार्थना देवाला उद्देशून होती आणि ज्यूंना ज्यांनी इतिहासात छळलं त्यांच्यासाठी क्षमा मागणारी होती. क्षमा देवाची का मागितली, आमची का नाही, असं कोणी विचारलं तर तो प्रश्न मला रास्त वाटतो. पण ती प्रार्थना रोममध्ये राहिली नाही. ज्यांचा अपराध झाला त्यांच्या भिंतीपर्यंत ती नेली गेली, आणि पुढे तो कागद ‘याद वाशेम’ या त्यांच्याच स्मृतिसंग्रहालयाने आपल्याकडे जतन केला.