सुती धाग्यापासून मिश्र वस्त्रापर्यंत

(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी कापड व्यवसायाविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली. सारे आयुष्य कापडाच्या पेढीवर गेल्यामुळे ती मी शिरसावंद्य मानली.

एके काळी घाटनांदूरच्या दुकानांत मांजरपाट, धोतरजोडी, लुगडी आणि खण यांचेच राज्य होते. टेरिलीन हे परदेशी नवल होते. आयातीवर कडक निर्बंध असल्याने ते चोरट्या मार्गानेही देशात येई. १९६५ मध्ये ठाण्यास पॉलिएस्टर तंतूचे उत्पादन सुरू झाले. १९८२ मध्ये रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी १८ जानेवारीस मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुती गिरण्यांचे उरलेले वैभवही ओसरले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्यास सुताच्या बरोबरीचे स्थान दिले. न चुरगळणारे, लवकर वाळणारे टेरीकॉट घरोघरी पोहोचले.

२००५ च्या प्रारंभी जागतिक वस्त्रव्यापारातील कोटापद्धती संपली. २०११ मध्ये बांगलादेशच्या अनेक तयार कपड्यांना आपल्या देशात शुल्कमुक्त प्रवेश मिळाला. आज जगातील एकूण तंतूंपैकी निम्म्याहून अधिक वाटा पॉलिएस्टरचा आहे. कापसावर २०२१ मध्ये ११ टक्के आयात शुल्क बसले. ते ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ या काळात माफ करण्यात आले. गिरण्यांना दिलासा मिळाला, परंतु बीड जिल्ह्यातील कापूस उत्पादकाच्या मनात भावाची धास्ती राहिली. ज्याच्या घरात कापूस पडून असतो, तोच शेतकरी आपल्या दुकानातून पॉलिएस्टरचा सदरा नेतो, हा या व्यवहारातील मोठा विरोधाभास होय.

येथे एक कबुली देतो. तरुणपणी एका शेतकऱ्यास मी ‘सुतीच आहे’ असे सांगून मिश्र कापड विकले. वडिलांना ते कळले. त्यांनी त्या ठाणाचा एक धागा काडीने पेटवला. शुद्ध सूत कागदासारखे जळते व मऊ राख होते; हा धागा जळता जळता वितळला आणि मागे काळी, कठीण गाठ राहिली. वडील म्हणाले, “ही गाठ त्याच्या सदऱ्याला नाही, आपल्या वहीला पडली.” पुढच्या बाजाराच्या दिवशी मी त्या शेतकऱ्याचे पैसे परत केले.

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितले आहेत. चोरटी आयात हा पहिला दोष आणि मिश्र वस्त्र सुती म्हणून देणे हा दुसरा. मिश्र वस्त्र विकण्यात पाप नाही. त्याचे नाव लपविण्यात आहे. कापडावर धाग्यांचे प्रमाण छापण्याचा नियम १९८८ पासून आहे. ते ग्राहकास वाचून दाखविणे हा आपला धर्म आहे. उन्हातान्हात राबणाऱ्यास घाम टिपणारे सूत हवे की टिकाऊ मिश्र वस्त्र, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे.

नव्या पिढीने व्यापार वाढवावा, परंतु वहीला गाठ पडू देऊ नये, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!