पोलादांतील जौहर

कैरी चिरल्यावर विळी तशीच राहून गेली, तर सकाळीं तिचें पातें काळवंडलेलें आढळतें. घरांत हा विळीचा दोष मानला जातो आणि तो घासून काढण्यांत बराच वेळ जातो. परंतु आंबटानें पोलादावर पडणारा हा जो डाग, त्याच डागाच्या बळावर जगांतील नामांकित तलवारींचें सौंदर्य उभें राहिलें आहे. आम्ल पोलादाला खातें. पण सर्वच पोलाद सारख्या वेगानें खाल्लें जात नाहीं. पात्यावर पाण्याच्या लहरींप्रमाणें दिसणारी नक्षी या एवढ्याशा भेदांतून उमटते. या नक्षीला जुने लोक जौहर म्हणत.

असें नक्षीदार पोलाद दोन प्रकारचें असतें. पहिला प्रकार या देशांतला. दक्षिण हिंदुस्थानांत व तेलंगणांत मातीच्या मुशींत लोखंडाबरोबर लाकूड व पाला घालून तोंड लिंपून टाकीत आणि मूस भट्टींत ठेवीत. ती सावकाश निवाली, म्हणजे आंत शेंकडा सुमारें दीड भाग कर्ब असलेला पोलादाचा गोळा मिळे. कानडींतील ‘उक्कु’ या शब्दावरून इंग्रजांनीं त्याला ‘वुट्झ’ हें नांव दिलें, असें मानतात. निजामाबाद भागांतील कोनसमुद्रम् येथें इराणचे व्यापारी हें पोलाद घेण्यासाठीं येत. मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे धाडले आणि १७९५ मध्यें जॉर्ज पियर्सन यांचा त्यांवरील निबंध प्रसिद्ध झाला. पुढें मायकेल फॅरडे यांनींही स्टोडार्ट या सुऱ्या व शस्त्रक्रियेचीं हत्यारें घडविणाऱ्या कारागिराच्या साह्यानें त्याचा अभ्यास केला. यूरोपांतील लोहार संवयीप्रमाणें हें पोलाद पांढरें होईपर्यंत तापवीत, आणि हातोडा पडतांच त्याचे तुकडे होत. मंद आंचेवर धीर धरून ठोकण्याची विद्या ज्यांच्या हातीं होती, त्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकांत बसला व ती विद्याही लोपली. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील व्हर्होवेन व पेंड्रे यांनीं तशीं पातीं पुन्हां घडविलीं, तेव्हां व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंशही या नक्षीस कारण होतो, असें दिसून आलें.

दुसरा प्रकार जोडकामाचा. दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकमेकींवर रचून, तापवून व ठोकून त्या एकजीव करतात. मग तो ठोकळा दुमडून किंवा पिळून थर वाढवितात. अमेरिकेंतील विल्यम मोरन यांनीं १९७३ मध्यें अशा सुऱ्या प्रदर्शनांत मांडल्यापासून हौशी कारागिरांत ही कला पुन्हां पसरली. हल्लींच्या बहुतेक सुऱ्या याच प्रकारच्या असतात. त्यांत एक पट्टी साध्या कर्बयुक्त पोलादाची, तर दुसरी शेंकडा सुमारें दोन भाग निकेल असलेली. आम्लांत बुडविल्यावर पहिली काळी पडते, दुसरी उजळ राहते. वुट्झमध्यें हेंच काम लोह व कर्ब यांच्या संयुगाचे कठीण कण करतात. ते आम्लाला सहसा दाद देत नाहींत. भोंवतालचें पोलाद मात्र काळवंडतें. तात्पर्य, आम्ल नक्षी निर्माण करीत नाहीं. आंत असलेली नक्षी तें दाखवितें.

पातें घडविण्यास भट्टी लागते. त्याची शेवटची सजावट मात्र घरींही करतां येते. पात्याला आधीं पाणी दिलेलें असावें. तें न दिल्यास धार टिकत नाहीं आणि काळा रंगही फिका येतो. त्यानंतर घासकाम. २२० नंबरच्या पॉलिश कागदापासून आरंभ करून ४००, ६०० व ८०० पर्यंत चढत जावें. प्रत्येक कागद आधींच्या कागदाच्या दिशेला आडवा चालवावा आणि मागील ओरखडा पूर्ण गेल्याविना पुढचा कागद घेऊं नये, कारण डोळ्यांना न दिसणारा ओरखडा आम्लांतून निघाल्यावर ठळक दिसतो. फिरत्या चाकावर घाई केल्यास धारेकडील पातळ भाग तापून निळा पडतो आणि दिलेलें पाणी उतरतें. म्हणून हातानेंच घासणें बरें.

मग पातें साबणानें व नंतर अॅसिटोननें स्वच्छ करावें. बोटाचा एक ठसा राहिला, तरी तेवढ्या जागीं आम्ल नीट चढत नाहीं. विजेच्या उपकरणांतील तांब्याच्या पट्ट्या कोरण्यासाठीं मिळणारें फेरिक क्लोराइड या कामास योग्य. तयार तीव्र द्रावण असल्यास एका भागास तीन ते चार भाग पाणी घ्यावें. कोरडी पूड असल्यास ती थोडी थोडी करून पाण्यांत टाकावी; पुडीवर पाणी ओतूं नये, कारण मिश्रण तापून उसळतें. भांडें कांचेचें किंवा प्लॅस्टिकचें असावें. नत्राम्ल व मिठाचें तेजाब यांच्या वाफा फुप्फुसांस घातक असल्यानें तीं घरांत आणूंच नयेत. फेरिक क्लोराइडच्या कामांतही रबरी हातमोजे व चष्मा घालून उघड्या खिडकीशीं बसावें, आणि मुलांना दूर ठेवावें.

पातें द्रावणांत पांच ते दहा मिनिटें उभें टांगून ठेवावें. बाहेर काढून धुतल्यावर त्यावर काळी साय दिसते. ती अगदीं बारीक कागदानें हलकेच पुसून पुन्हां बुडवावें. तीन-चार वेळां असें केल्यावर थरांची उंचसखलता नखाला लागूं लागते. तेथेंच थांबावें, कारण अधिक खोल गेल्यास धार खाल्ली जाते. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यांत पातें बुडवून आम्ल मारावें. काळेपणा गडद हवा असल्यास दाट, निवलेल्या कॉफींत तें कांहीं तास ठेवावें. कॉफी कर्बयुक्त थरांना काळें करते आणि निकेलच्या थरांस जवळजवळ स्पर्श करीत नाहीं. शेवटीं पातें कोरडें करून तेल चोळावें व धार दगडावर नव्यानें लावावी. उरलेलें द्रावण मोरींत ओतूं नये. तें नळांच्या धातूलाही खातें. धुण्याचा सोडा घालून खालीं बसलेला साका निराळा करावा व रासायनिक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावा.

ही माहिती विकत घेणारासही उपयोगी आहे. बाजारांत साध्या पोलादावर वरवर छापलेल्या नक्षीच्या सुऱ्या पुष्कळ येतात. मुठीजवळचा लहानसा भाग घासून पुन्हां आम्ल लावल्यास खरी नक्षी परत येते. छापील नक्षी गेली ती गेलीच. खऱ्या सुरीलाही लिंबू, चिंच लागल्यावर लगेच धुऊन पुसावें लागतें.

सर्वांत महत्त्वाची सूचना वंशपरंपरेनें आलेल्या तलवारींविषयीं. खंडेनवमीला पूजेपूर्वीं अशीं शस्त्रें पॉलिश कागदानें व तेजाबानें लखलखीत करण्याची हौस कित्येक घरांत असते. त्यामुळें जौहर दिसेनासा होतो, कोफ्तीचें सोनें निघून जातें, कारागिराचें नांव कोरलेलें असल्यास तेंही झिजतें. नव्या सुरीवर हात बसविण्यास हरकत नाहीं. जुन्या तलवारीवरची धूळ मऊ फडक्यानें झाडावी, तेलाचा पातळ हात फिरवावा, आणि त्यापुढील काम संग्रहालयांतील जाणत्या माणसाच्या सल्ल्यावांचून करूं नये. ती घडविणारे हात आज नाहींत. त्यांची विद्या आतां त्या पात्यांवरच वाचावी लागते.