माजलगावचा अर्ज



"मोर्च्याबिर्च्यात जाऊ नकोस, केस लागेल, पासपोर्ट अडकेल." हे आपल्या घराघरात ऐकू येतं. अम्मी-अब्बांची ही भीती हवेतून आलेली नाही. पण त्यांना बीड जिल्ह्यातल्या माजलगावचं प्रकरण जरूर सांगा.

जानेवारी २०२०. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधात तिथल्या काही लोकांना जुन्या ईदगाह मैदानावर धरणं धरायचं होतं. पोलिसांनी परवानगी नाकारली. आधार काय, तर कलम ३७ खालचा जिल्हा प्रशासनाचा मनाई आदेश. असे आदेश आपण पेपरात नेहमी पाहतो आणि पान उलटतो. ही माणसं औरंगाबाद खंडपीठात गेली. देशाविरुद्ध, कुठल्या धर्माविरुद्ध घोषणा देणार नाही, अशी हमीही त्यांनी दिली.

१३ फेब्रुवारीला न्यायमूर्ती नलावडे आणि सेवलीकर यांनी मनाई आदेश आणि परवानगीचा नकार, दोन्ही रद्द केले. आदेश सगळ्यांसाठी असल्यासारखा दिसतो, पण रोख या आंदोलकांवरच आहे, हे कोर्टानं ओळखलं. एखाद्या कायद्याला विरोध केला म्हणून कुणी देशद्रोही ठरत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. कायदा बरोबर की चूक, हा प्रश्नच तिथं नव्हता. प्रश्न एवढाच होता, की शांतपणे बसायचं की नाही.

मला यात सर्वांत मोलाचा वाटतो तो कागद. लेखी अर्ज होता, लेखी नकार होता, म्हणून कोर्टापुढे ठेवायला काहीतरी होतं. आपण काय करतो? चौकीत जातो, साहेब "जमणार नाही" म्हणतात, आपण चहा पिऊन परत. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ज्या बिघाडाची नोंद नाही, तो कुणी दुरुस्त करत नाही. इथंही तसंच.

संविधानाच्या कलम १९ मधले शब्द आहेत 'शांततेने व विनाशस्त्र'. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. शाहीनबागच्या खटल्यात ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही. आंदोलन ठरवून दिलेल्या जागीच करा, हे त्यातलं म्हणणं मला पटत नाही. कुणाच्या नजरेला न पडणारी जागा दिली तर? पण निकाल माहीत हवाच. माजलगावकरांनी मैदान मागितलं होतं, रस्ता नाही.

तेव्हा अर्जात जागा, तारीख, वेळ, अंदाजे माणसं, स्वयंसेवकांचे फोन नंबर लिहा. दोन प्रती न्या. दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय चौकीतून उठू नका.