सोन्याची लगड, राक्षसाचं हाड

जेवणं झाली असतील, भांडी पडली असतील तर पडू द्या थोडा वेळ. आज एक गोष्ट सांगायची आहे. भुताची आहे, पण घाबरू नका.

आमच्या गटाच्या सभेत बचत गोळा झाली, रजिस्टर लिहून झालं की शेवटची पंधरा मिनिटं आम्ही वाचनाला ठेवली आहेत. गेल्या पावसाळ्यात आम्ही एक चिनी गोष्ट घेतली. पुस्तक इंग्रजीतलं. एकीने वाचायचं आणि मराठीत सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मध्येच वादही घालायचा.

ही गोष्ट लिहिणारे पू सोंगलिंग चीनच्या शानडोंग प्रांतातले. जन्म १६४०चा. हुशार माणूस, पण सरकारी नोकरीसाठी ज्या मोठ्या परीक्षा असत त्यांत पुन्हा पुन्हा नापास झाले. एका श्रीमंत घरी मुलांना शिकवून त्यांनी बरीच वर्षं पोट भरलं, आणि भुताखेतांच्या, कोल्हिणींच्या जवळजवळ पाचशे गोष्टी लिहिल्या. १७१५ साली ते वारले. पुस्तक छापलं गेलं त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, १७६६ साली. तोवर लोक हाताने नकला करून वाचत होते.

त्यातली ही शाओचिएनची गोष्ट. निंग नावाचा एक सरळ माणूस जिन्हुआ गावी गेला. गावात परीक्षेचे दिवस, खोल्यांची भाडी वाढलेली. म्हणून तो गावाबाहेरच्या ओसाड देवळात उतरला. रात्री एक सुंदर मुलगी त्याच्याकडे आली. त्याने तिला रागावून हाकलली. ती परत आली आणि सोन्याची लगड ठेवून गेली. त्याने ती उचलून बाहेर फेकली. त्याच देवळात एक तरुण विद्यार्थी नोकरासह उतरला होता. सकाळी तो विद्यार्थी मेलेला सापडला. तळपायाला आरीने टोचल्यासारखं बारीक भोक. दुसऱ्या रात्री नोकरही तसाच गेला.

मग ती मुलगी पुन्हा आली आणि तिने सगळं खरं सांगितलं. ती अठराव्या वर्षी वारलेली. देवळाशेजारी तिला पुरलं, आणि तिथल्या दुष्ट शक्तीने तिला ताब्यात घेतलं. रूपाला भुलला त्याच्या पायाला टोचून ती रक्त काढून द्यायची. रूपाला भुलला नाही त्याला सोनं दाखवायची. आणि ते सोनं म्हणजे सोनं नव्हेच, ते राक्षसाचं हाड. घरात ठेवलं की माणसाचं काळीज खातं. हा राक्षस शब्द चिनी भाषेत आपल्याकडूनच गेला, बौद्ध ग्रंथांबरोबर. तिथे तो ‘लुओचा’ झाला.

आता तुझ्यावर यक्ष येईल, शेजारच्या तलवारवाल्याच्या खोलीत झोप, असं तिने निंगला बजावलं. तो वाचला. तिने बदल्यात एकच मागितलं. माझी हाडं इथून उकरून काढ आणि दुसरीकडे नीट पूर.

त्याने हाडं घरी नेली, घराजवळ पुरली. ती मागोमाग आली. आता घरात कोण होतं? निंगची आई आणि कित्येक दिवसांची आजारी बायको. आई भ्यायली. कोण भिणार नाही? पण तिने दार लावून घेतलं नाही. दिवसा ये म्हणाली, रात्री मात्र थांबायचं नाही. मुलगी पहाटे येऊन आईला तोंड धुवायला पाणी द्यायची, दिवसभर घरकाम करायची. संध्याकाळी निंगच्या खोलीत दिव्यापाशी बसून पोथी वाचायची आणि मग खालमानेने निघून जायची. हळूहळू आईलाच तिला पाठवणं जिवावर येऊ लागलं. पहिल्यांदा ती काही खात-पीत नव्हती. सहा महिन्यांनी पातळ पेज घोटभर घेऊ लागली. बायको वारल्यावर पुढे लग्न झालं. प्रेमाची गोष्ट आहे ही, पण त्यात प्रेमाचं बोलणं फार थोडं. पाणी, चूल, पेज, दिवा, एवढंच.

आमच्यातल्या एक काकू रागावल्या. म्हणाल्या, त्या आजारी बायकोचं नावसुद्धा नाही यात, आणि शेवटी तो आणखी एक बायको करतो ते काय! काकूंचं खरं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी पुरुषाने लिहिलेली गोष्ट आहे, ते त्यात दिसतं.

पण मैत्रिणींनो, ही गोष्ट आम्ही ऐकली तेव्हा आमच्यापुढे एक अर्ज होता. मागे आमच्या भागात पैसे दुप्पट करून देणारी एक योजना आली होती. आमच्याच वस्तीतली एक जण तिची एजंट. तिच्या शब्दावर बायांनी मंगळसूत्रं मोडून पैसे भरले. वरचे लोक एके दिवशी पळाले. तिचेही पैसे बुडाले, पण शिव्या तिला एकटीला पडल्या, कारण तोंडओळख तिची. तक्रार द्यायची ठरली तेव्हा पावत्या आणि कागद तिनेच आणून दिले. आणि आता तिला गटात यायचं होतं. आमच्यातल्या दोघींचे पैसे त्यात गेलेले. ती आली तर आम्ही निघतो, असं त्या म्हणाल्या.

आम्ही तीन सभा भांडलो. आई भ्यायली ते चूक नव्हतं, हे आम्हाला पटलं. माणसं मेली होती. आपल्याकडेही घरं बुडाली होती. वरून कुणी करवून घेतलं म्हणून खालच्याने केलेलं पुसलं जात नाही. पण दार लावून घेतलं असतं तर ती मुलगी परत त्या देवळातच गेली असती, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दारात सोनं घेऊन उभी राहिली असती.

शेवटी ठराव लिहिला. सभेला यायचं, सगळ्यांसारखी शंभर रुपये बचत भरायची, सहा महिने कर्ज मिळणार नाही आणि पैशाला हात लावायचा नाही. रागावलेल्या दोघींना विचारूनच हे लिहिलं. त्या गटात राहिल्या.

आज चौथा महिना आहे. ती दाराजवळ बसते. सतरंजी तीच घालते, तीच उचलते. पहिले तीन महिने तिने चहाचा कप घेतला नाही. परवाच्या सभेत घेतला. त्या दोघींपैकी एक जण आता तिच्याशी बोलते, दुसरी अजून नाही, आणि तिला आम्ही घाई करत नाही.

तुमच्या दारात कुणी आयतं सोनं ठेवून गेलं तर आधी चौकशी करा, कागद मागा, गटात विचारा. आणि ते ठेवायला जिला पाठवलं होतं ती उद्या रिकाम्या हाताने आली, तर काय करायचं ते तुमच्या सभेत एकदा बोलून ठेवा. एका बैठकीत नाही सुटणार, आमचंही सुटलेलं नाही.

येतो आम्ही. नमस्कार.