शहरात गेलेल्या माणसाचे मत
(नागपूर जिल्ह्यातील एका गावी, शाळेच्या पटांगणातील सभेत तेथील मास्तरांनी केलेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज नागपुरास गेलेल्या आपल्या माणसांविषयी बोलणार आहे. ज्या घरचे एकही माणूस तिकडे नाही असे घर या गावात शोधावे लागेल. कोणी पहाटे डबा घेऊन ठिय्यावर उभा राहतो, कोणी गवंड्याच्या हाताखाली टोपले उचलतो, कोणी बहीण चार घरची धुणीभांडी करते. इकडे आपण सांगतो, पोरगा शहरात आहे, बरे चालले आहे. बरे चालले असते तर त्याने तुम्हाला आपली खोली दाखविली नसती काय?

पूर्वी जाणारा गिरणीत जाई. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. हाल तेथेही होतेच. पण हजेरीचे बुक होते, पगाराचा दिवस ठरलेला होता, दहा जणांनी मिळून भांडावयास दरवाजा होता. ती गिरणी 2002 साली बंद पडली आणि तिच्या जागी मॉल उभा राहिला. आता कामाला मालक कोण हेच मजुराला ठाऊक नसते, मग तो भांडेल कोणाशी?

2011 च्या खानेसुमारीत नागपूर शहराची वस्ती सुमारे 24 लाख भरली. त्यांतले साडेआठ लाखांवर लोक झोपडपट्ट्यांत राहणारे होते. म्हणजे तिघांत एकाहून अधिक! एवढी माणसे एका बाजूला असता त्यांच्या नळाला पाणी का नाही, नाली उघडी का, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला आहे.

कोणी म्हणेल, सरकार काय काय करील? तर कायदा काय म्हणतो ते ऐका. 1993 साली अंमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावे परिशिष्ट जोडले. नगरपालिकांकडे सोपवावयाची अठरा कामे त्यात आहेत. दहावे काम झोपडपट्टीची सुधारणा, अकरावे शहरातील दारिद्र्य कमी करणे. तेव्हा शहरातला गरीब महापालिकेच्या दारी जातो तो भीक मागावयास नव्हे. रोजगाराचेही तसेच. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा 1977 साली केला, पण तो खेड्यापुरता. केरळने 2010 साली शहरातल्या मजुरासाठीही तशी योजना काढली. तेथे होते, मग आपल्याकडे का नाही?

याचे एक कारण आपल्याच घरात आहे, आणि त्यासाठीच मी उभा आहे. पोराचे शरीर नागपुरात, नाव मात्र या गावच्या मतदार यादीत. मताच्या दिवशी येथून पुढाऱ्याची जीप जाते, पंधरा-वीस पोरे भरून आणते, जेवू घालते, मत घालून घेते आणि परत सोडते. (मतदारास अशी फुकट गाडी पुरविणे हा कायद्याने भ्रष्टाचार आहे, पण तो पुढारी आपला पाव्हणा पडतो!) ज्या नगरसेवकाच्या प्रभागात तो पोर चिखलात राहतो, त्याच्या हिशेबी हा पोर जन्मलाच नाही. साडेआठ लाखांतली अशी किती नावे गावोगाव अडकली असतील, याचा तुम्हीच अंदाज करा.

नगरसेवक असून तरी काय उपयोग, असे म्हणणारेही भेटतात. नसला म्हणजे काय होते तेही आपण पाहिले आहे. मार्च 2022 मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपली. पुढची निवडणूक व्हावयास जानेवारी 2026 उजाडला. मधली पावणेचार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती. त्याच काळात, 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे, अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी काठच्या वस्त्यांत शिरली. पाणी बंगल्यातही गेले, झोपडीतही गेले. पण बंगलेवाल्याला वकील ठाऊक असतो, हायकोर्टाची वाट ठाऊक असते. झोपडीवाल्याचा वकील म्हणजे त्याने मत देऊन पाठविलेला माणूस, आणि तोच त्या वेळी नव्हता.

हा हक्क जुना नाही. जोतीराव फुले 1876 साली पुण्याच्या नगरपालिकेत बसले ते सरकारने नेमलेले सभासद म्हणून. गरिबाला आपला माणूस निवडून पाठविण्याची सोय त्या काळी नव्हती. पुढेही मताला मालमत्तेची अट राहिली. धनी आणि गडी यांचे मत सारखे धरून देशाची पहिली निवडणूक झाली ती 1951-52 साली.

म्हातारी माणसे मला विचारतात, मास्तर, यादीतून नाव काढले तर वावर जाईल काय? बाप्पा, सातबारा वेगळा, मतदार यादी वेगळी. वावराचा हक्क मताने येत नाही आणि जातही नाही. मात्र ग्रामपंचायतीतले त्याचे मत जाते, हा तोटा खराच. मी तो लपवीत नाही. ज्याला वर्षातून चार महिनेच तिकडे राहावयाचे त्याने नाव येथेच ठेवावे. पण ज्याची बायकोपोरे तिकडे, पोरांची शाळा तिकडे, त्याने येथे मत ठेवून कोणाचे भले केले? दोन्हीकडे नाव ठेवणे तर गुन्हा आहे.

नाव हलविण्यास नमुना 8 भरावा लागतो. ज्याचे नाव कोठेच नाही त्यास नमुना 6. मोबाइलवरही भरता येतो. पुराव्यास बँकेचे पासबुक, विजेचे बिल किंवा आधार चालते, पण त्यावर नागपुरातला पत्ता पाहिजे. जो पुलाखाली निजतो त्यालाही नाव घालता येते. तो तेथेच राहतो की नाही हे यादीचा माणूस रात्री येऊन पाहतो, कागद मागत नाही. विधानसभेच्या याद्यांवरूनच महापालिकेच्या याद्या होतात, म्हणून निवडणूक जाहीर झाल्यावर धावून उपयोग नाही.

यादीचे काम बहुधा आम्हा मास्तरांच्याच गळ्यात असते, त्यामुळे मला त्यातले थोडे कळते. दोन्ही नमुने शाळेत ठेवले आहेत. दिवाळीस मुले घरी येतील तेव्हा त्यांना संध्याकाळी माझ्याकडे पाठवा, सुनांनाही पाठवा. सासरचे नाव माहेरच्या यादीत राहिलेल्या पुष्कळ आहेत. येताना नागपूरच्या खोलीचा पत्ता मात्र नीट लिहून आणा.